हनुवटीचा दांडा आणि मडक्यातलं दही

कोऱ्हाळे बुद्रुक, वडगाव निंबाळकर, सोमेश्वरनगर हा नीरा डाव्या कालव्याचा पट्टा. ऊस आणि कुस्ती इथं वेगळी शिकवावी लागत नाही. हरणं म्हणजे काय, हेही नाही. पाठ मातीला लागली की चितपट. पडलेला पैलवान उठतो, अंगावरची माती झटकतो आणि जिंकणाऱ्याच्या हातात हात देतो. म्हणून हाच प्रेक्षक टीव्हीवर नॉकआउट बघतो तेव्हा बुचकळ्यात पडतो. ठोसा तर एवढासा दिसला, मग एवढा धिप्पाड गडी तोडलेल्या उसासारखा आडवा कसा झाला?

पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर आधी कुस्तीत रमले आणि पुढं सैन्यात बॉक्सर झाले. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, त्यानंतर १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. मातीतून रिंगणात जाणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो असा : कुस्तीत पाठ सांभाळायची, इथं हनुवटी.

हनुवटीच का? हातपंप आठवा. दांडा टोकाला धरला तर पोरगंही पाणी काढतं, खिळीजवळ धरला तर बापाचीही दमछाक होते. मान ही खीळ आणि हनुवटी हे दांड्याचं टोक. तिथं बाजूनं बसलेला हूक डोकं झटकन फिरवतो. तोच जोर कपाळावर सरळ आला तर डोकं मागं ढकललं जातं, पण फिरत नाही. अनुभवी बॉक्सर हनुवटी छातीशी दाबून कपाळ पुढं करतो ते म्हणूनच.

फिरण्यात एवढं काय आहे, ते विरजलेल्या दह्याचं मडकं सांगेल. मडकं सरळ पुढं सरकवलं तर दही सोबत येतं. तेच झटक्यानं पिळलं तर कड फिरते, मधला गोळा मागं राहतो आणि दही चिरतं. मेंदू साधारण सव्वा ते दीड किलोचा, तसाच मऊ आणि पाण्यासारख्या द्रवात तरंगणारा. कवटी फिरते, मेंदू क्षणभर मागं राहतो आणि आतले धाग्यासारखे चेतातंतू ताणले जातात. ताणलेल्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पळतं, कॅल्शियम आत शिरतं आणि निरोपांची देवाणघेवाण कोलमडते. हा ताण माणसाला जागं ठेवणाऱ्या खोलवरच्या भागापर्यंत गेला की शुद्ध हरपते. डोळ्यांपुढं काजवे चमकणं हे त्याचंच धाकटं भावंड. बेशुद्ध पडताना कधी कधी हात हवेतच ताठ राहतात. तो शौर्याचा आव नसतो, मेंदूच्या बुंध्याला धक्का बसल्याची खूण असते.

आता मानेचं. पैलवानाची जाड मान डोक्याचा झटका कमी करते, पण आवळलेली असेल तरच. न दिसलेला ठोसा म्हणून घातक, कारण तेव्हा मान ढिली असते. १९६५ला लुइस्टनमध्ये मोहम्मद अलीच्या एका छोट्या उजव्या ठोशानं सनी लिस्टन पहिल्याच फेरीत पडला आणि बघणारे नूराकुस्ती म्हणून ओरडले. तो वाद अजून मिटलेला नाही. पण ठोसा छोटा होता, एवढ्यावरून मी तरी त्याला खोटा म्हणणार नाही.

दुसरा नॉकआउट डोक्याशी संबंधच ठेवत नाही. मराठीत काळीज म्हणजे कवितेत हृदय आणि खाटकाकडं यकृत. बॉक्सिंगमधलं काळीज खाटकाचं. ते उजव्या बरगड्यांखाली असतं, म्हणून समोरच्याचा डावा हूक तिथं पोचतो. मार बसल्यावर क्षणभर काही होत नाही. मग श्वास अडतो, रक्तदाब घसरतो, पाय वाकतात. माणूस पूर्ण शुद्धीत असतो, पंचांचे आकडे ऐकतो, उठायचंही ठरवतो. पण शरीर उठत नाही.

हे आकडे म्हणजे दहापर्यंतची मोजणी, १८६७च्या क्वीन्सबेरी नियमांपासून रुळलेली. पाडणाऱ्यानं आधी तटस्थ कोपऱ्यात जायचं, मग मोजणी सुरू. १९२७ला शिकागोत जॅक डेम्प्सी हेच विसरला, जीन टनीला काही सेकंद जास्तीचे मिळाले, तो उठला आणि लढत जिंकला. हौशी बॉक्सिंगमध्ये उठलेल्यालाही आठपर्यंत मोजून डोळे पाहतात. पंचांना शंका आली की लढत थांबते. बातमीत ‘आरएससी’ छापलेलं असतं ते हेच. पोरानं तक्रार करावी, प्रेक्षकांनी शिट्ट्या माराव्यात, पण हा पंच मला दहा मोजणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

आणि ग्लोव्ह्ज? ते मुख्यतः मारणाऱ्याची बोटं वाचवतात. उघड्या मुठीनं कवटीवर मारलं तर हाडं मोडतात, गादी असली की डोक्यावर पुन्हा पुन्हा मारता येतं. हेडगार्डनं भुवया फाटणं कमी होतं, डोकं फिरणं थांबत नाही. २०१३पासून पुरुषांच्या वरिष्ठ हौशी लढतींतून ते काढलंच.

खरा धोका उठल्यानंतरचा. पेशी मूळ पदावर यायला दिवस, कधी आठवडे लागतात. त्याआधी पुन्हा मार बसला तर मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. म्हणून डोक्याच्या नॉकआउटनंतर किमान महिनाभर लढतही नाही आणि सरावातली मारामारीही नाही.

तालमीत असं कुणी पडलं तर कांदा फोडून नाकाशी धरू नका, तोंडात पाणी ओतू नका, काखेत हात घालून उभं करू नका. मान स्थिर ठेवा, श्वास पाहा. उलटी आली तर मानेसकट सगळं अंग एकत्र कुशीवर वळवा. शुद्धीवर आल्यावर विचारा : कितवी फेरी चालली होती, समोर कोण होतं? उत्तर चुकलं, डोकेदुखी वाढली, पुन्हा उलटी झाली किंवा एक बाहुली मोठी दिसली तर थेट सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा. उत्तर बरोबर आलं तरी त्या रात्री त्याला एकट्यानं गाडी मारत घरी पाठवू नका.