धक्क्यानंतरचा तोल: वीजजाळं कसं सावरतं?

मागच्या व्याख्यानात आपण वाडग्याच्या तळाशी ठेवलेली गोटी पाहिली. टिचकी मारली की ती इकडे-तिकडे झोके घेते आणि हळूहळू तळाशी थांबते. यात दोन गोष्टी काम करतात. एक, गोटीला तळाकडे ओढणारं बल. दुसरी, झोके जिरवणारं घर्षण. नुसतं बल असेल तर गोटी झोकेच घेत राहील, बरं का! आता हेच आपण देशाच्या वीजजाळ्यात पाहू.

आपल्या जाळ्याची वारंवारता ५० हर्ट्‌झ. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की ती घसरते, कमी झाली की चढते. मग सावरतं कोण? पहिल्या काही क्षणांत जनित्रांची फिरती चाकं. त्यांचं जडत्व बदलाचा वेग कमी करतं, पण तोल परत आणत नाही. ते काम गव्हर्नरचं: तो वाफेची किंवा पाण्याची झडप कमी-जास्त उघडतो. त्यानं फार जोरात किंवा उशिरा प्रतिसाद दिला, तर उलट झोकेच वाढतात. शेवटी, काही मिनिटांत, नियंत्रण कक्ष संचांची निर्मिती नव्यानं ठरवतो.

५ एप्रिल २०२० ची रात्र आठवते ना? नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद. देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटनं घसरली. कोळशाचे संच इतक्या झपाट्यानं खाली आणता येत नाहीत, म्हणून भार मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी उचलला. वारंवारता ४९.७० ते ५०.२६ च्या आतच राहिली. वेळ आधी ठाऊक होती आणि तयारीही होती.

जुलै २०१२ मध्ये मात्र तसं झालं नाही. ३० तारखेला काही वाहिन्या आधीच बंद होत्या. त्यात बीना-ग्वाल्हेर वाहिनी सुटली, तिचा भार इतरांवर गेला, मग त्याही सुटत गेल्या. म्हणजे प्रत्येक सुटकेनं धक्का वाढतच गेला; गोटी वाडग्याच्या काठाबाहेर पडली म्हणा ना. उत्तर भारताचं जाळं कोसळलं. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य विभागही गेले. आपला पश्चिम विभाग मात्र टिकला.

तेव्हा प्रश्न यंत्रणा हलते का हा नाही. काठ किती दूर आहे, हा आहे. सौर पॅनेलमध्ये फिरतं चाक नसतं. ती वाढतील तसं जडत्व घटेल आणि सावरायला मिळणारा वेळही. ती उणीव बॅटऱ्या कशी भरून काढतात, ते आपण पुढच्या वेळी पाहू.