‘शिफारस करणे’ : स्तुती की सुपूर्द करणे?

प्रास्ताविक

कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षकाला वर्षातून अनेकदा शिफारसपत्र लिहावे लागते. कोणी रुग्णालयात सहायक म्हणून जाणार असते, कोणी दुकानात हिशेबनीस म्हणून, तर कोणाला पुढच्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा असतो. अशी बहुतेक पत्रे एकाच साच्यातून निघतात. ‘हुशार, मेहनती, होतकरू, सद्वर्तनी’ ही चार विशेषणे, खाली सही आणि शिक्का. विद्यार्थ्याचे नाव बदलले तरी पत्रात काही बिघडत नाही. शिफारस म्हणजे स्तुती, असा समज यामागे असतो. प्रस्तुत लेखात या शब्दाचे मूळ, त्याचे शेजारी शब्द आणि त्याची वाक्यरचना पाहून, हा समज अपुरा का आहे हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

शब्दाचे कूळ

फारसीत ‘सिपुर्दन’ असे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ सोपवणे, एखादी वस्तू वा व्यक्ती विश्वासाने दुसऱ्याच्या हाती देणे. या क्रियापदाच्या एका रूपापासून ‘सिपुर्द’ आणि दुसऱ्या रूपापासून ‘सिपारिश’ किंवा ‘सिफारिश’ हे शब्द झाले. पहिल्याचे मराठीत ‘सुपूर्द’ झाले, दुसऱ्याचे ‘शिफारस’. म्हणजे मराठीत आज एकमेकांपासून दूर वाटणारे हे दोन शब्द सख्खी भावंडे आहेत.

आजच्या इराणी फारसीत हे नाते अजून ताजे आहे. तेथे बँकेतील ठेवीला ‘सिपुर्दा’ म्हणतात, रजिस्टर टपालाला ‘सिफारिशी’ टपाल म्हणतात आणि उपाहारगृहात पदार्थ मागवणे म्हणजे ‘सिफारिश देणे’. तिन्ही ठिकाणी काहीतरी दुसऱ्यावर सोपवलेले आहे : पैसा, पत्र किंवा काम. स्तुतीचा मात्र कोठेही संबंध नाही.

बरकतपुरा-काचीगुडा परिसरात मराठी, उर्दू आणि तेलुगू या तिन्ही भाषा कानावर पडतात. तेथे वर्गात शिकवताना या शब्दाचा प्रवास फळ्यावर मांडता येतो. उर्दूत ‘सिफारिश’, तेलुगूत ‘सिफारसु’, कन्नडमध्ये ‘शिफारसु’ आणि मराठीत ‘शिफारस’. ‘इ’ या स्वरापूर्वीच्या ‘स’चा ‘श’ होणे ही मराठीची जुनी सवय आहे. ‘सिक्का’चे ‘शिक्का’, ‘सिपाही’चे ‘शिपाई’ आणि ‘तफसील’चे ‘तपशील’ झाले ते याच वाटेने. अनेकवचनात ‘शिफारशी’ होते, तेथेही हीच सवय दिसते.

एक गैरसमज

‘शिफारस’ हा शब्द अरबी ‘शफाअत’पासून आला असावा, असे काहींना वाटते. मराठीत दोन्ही शब्द ‘श’ने सुरू होतात आणि दोहोंत दुसऱ्यासाठी रदबदली करण्याचा भाव आहे, त्यामुळे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु उर्दू लिपीत पाहताच फरक कळतो. ‘सिफारिश’ सीनने सुरू होते, ‘शफाअत’ शीनने. ‘शफाअत’च्या मुळाशी जोडी होण्याची कल्पना आहे, समसंख्येसाठी अरबीत ‘शफ्अ’ हा शब्द याच मुळापासून आला आहे. शफाअत करणारा एकट्याच्या बाजूला दुसरा म्हणून उभा राहतो.

कूळ वेगळे असले तरी दोन्ही शब्द एका ठिकाणी भेटतात, ते म्हणजे जबाबदारी. कुरआनच्या चौथ्या सूरेतील 85व्या आयतीचा आशय असा आहे की, चांगली शफाअत करणाऱ्याला तिच्यात वाटा मिळतो आणि वाईट शफाअत करणाऱ्यावर तिचा भार येतो. म्हणजे शब्द टाकणारा परिणामापासून अलिप्त राहत नाही.

शेजारी शब्द

सोपवण्यासाठी मराठीत अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. ‘सोपवणे’ हे संस्कृत ‘समर्पय’ या रूपापासून आले असून ते काम व जबाबदारी यांना शोभते. ‘सुपूर्द करणे’ यात औपचारिकता आहे. कागदपत्रे, निधी, किल्ल्या सुपूर्द होतात. उर्दूत दफनालाही ‘सुपुर्दे-खाक’ म्हणतात. अरबी ‘हवाला’वरून आलेल्या ‘हवाली करणे’ यात ताब्याचा अर्थ ठळक आहे, म्हणून चोराला पोलिसांच्या हवाली करतात. अरबी ‘अमानत’ची अक्षरे मराठीत उलटून ‘अनामत’ झाली आणि विश्वासाने ठेवलेली वस्तू हा मूळ अर्थ पैशाच्या ठेवीपुरता उरला.

स्तुतीच्या शब्दांचा इतिहास वेगळा आहे. ‘वाखाणणे’ हे ‘व्याख्यान’पासून आले. आधी अर्थ उलगडून सांगणे, मग गुण उलगडून सांगणे. अरबी ‘तारीफ’चा मूळ अर्थही ओळख करून देणे, व्याख्या करणे असाच आहे. उर्दूत अनोळखी माणसाला ‘आपकी तारीफ?’ असे विचारतात, तेव्हा स्तुती नव्हे, ओळख विचारलेली असते. खरी स्तुतीदेखील मुळात नीट दिलेली ओळख होती, हे येथे लक्षात घ्यावे.

‘वशिला’ हा शब्दही तपासण्याजोगा आहे. अरबी ‘वसीला’ म्हणजे पोहोचण्याचे साधन. मराठीत मात्र तो ओळखीच्या जोरावर मिळवलेल्या लाभासाठी रूढ झाला आणि ‘वशिल्याचे तट्टू’ हा शब्दप्रयोग जन्मला. वशिल्यात पात्रतेचा प्रश्न निघत नाही. शिफारशीत तोच मुख्य असतो.

इंग्रजीशी तुलना

इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना येथे एक सोय आहे. ‘कमेंड’ या इंग्रजी क्रियापदाचे दोन अर्थ, प्रशंसा करणे आणि सोपवणे, विद्यार्थ्यांना गोंधळात टाकतात. हा शब्द लॅटिन ‘मांदारे’ म्हणजे सोपवणे या क्रियापदावरून आला, आणि ‘रेकमेंड’ त्याचेच विस्तारित रूप आहे. ज्याच्यावर भरवसा ठेवून काही सोपवावे, तो प्रशंसेला पात्र असलाच पाहिजे. या वाटेने सोपवण्यातून प्रशंसा निघाली. ‘सुपूर्द’ आणि ‘शिफारस’ शेजारी लिहून दाखवले की विद्यार्थ्याला इंग्रजीतील दुहेरी अर्थ परका वाटत नाही.

वाक्यरचनेतील भेद

‘मी सलमाची स्तुती केली’ या वाक्यात दोनच व्यक्ती आहेत. ‘मी सलमाची दवाखान्याकडे शिफारस केली’ यात तिसरा पक्ष येतो. शिफारस नेहमी कोणाची, कोणाकडे आणि कशासाठी, या तीन प्रश्नांची उत्तरे मागते. समितीच्या शिफारशींनाही हेच लागू आहे. सच्चर समितीने 2006 साली केंद्र सरकारला शिफारशी सादर केल्या, तेव्हा उपाय सुचवण्याचे काम समितीचे होते, निर्णय सरकारचा होता. शिफारस ही आज्ञा नव्हे; परंतु ती करणाऱ्याला आपल्या शब्दामागे उभे राहावे लागते.

शिक्षकांसाठी निष्कर्ष

पुढील दोन मजकूर पाहावेत. पहिला : ‘ही विद्यार्थिनी अत्यंत हुशार व मेहनती आहे.’ दुसरा : ‘हिने दोन सत्रे संगणकावर हिशेब ठेवले. नोंदी वेळेवर व बिनचूक असतात. इंग्रजी संभाषणात अजून अडखळते. रोखवहीचे काम हिच्यावर निःशंकपणे सोपवावे.’ पहिली स्तुती आहे, दुसरी शिफारस. दुसऱ्या पत्रात एक उणीव सांगितली आहे, आणि तिच्यामुळेच बाकीचे म्हणणे विश्वासार्ह ठरते.

कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या अनेक मुलामुलींच्या घरात यापूर्वी कोणी कार्यालयाची पायरी चढलेले नसते. त्यांच्यापाशी वशिला नसतो. शिक्षकाचे पत्र हीच त्यांची ओळख असते. साचेबंद पत्राने ती ओळख पुसली जाते. खोट्या पत्राने तर पुढच्या वर्षी त्याच दाराशी जाणाऱ्या विद्यार्थ्याचेही नुकसान होते, कारण त्या संस्थेचा शब्द मग कोणी मानत नाही. म्हणून शिफारस लिहिण्यापूर्वी शिक्षकाने स्वतःला एवढेच विचारावे : हे काम माझे असते, तर मी ते या विद्यार्थ्याच्या सुपूर्द केले असते काय? उत्तर ‘होय’ असेल, तर का, ते पत्रात लिहावे. ‘अद्याप नाही’ असेल, तर आधी विद्यार्थ्याशी बोलावे आणि ज्या कामासाठी तो आज तयार आहे, त्या कामासाठी त्याची शिफारस करावी.