शतपावलीचे शास्त्र

जेवण झाले की शतपावली घालावी, ही शिकवण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या दिली जात आली आहे. अंगणात, गच्चीवर किंवा चाळीच्या लांब गॅलरीत संथपणे येरझाऱ्या घालणारी वडीलधारी माणसे हे एकेकाळचे नित्याचे दृश्य. आजच्या दिनक्रमात कचेरीतील खुर्ची, प्रवासातील आसन आणि रात्री दूरचित्रवाणीसमोरची बैठक यांच्यामध्ये पावलांना फारसा वावच उरलेला नाही. शतपावलीच्या साध्या सवयीत कोणते शहाणपण दडले आहे, याचे उत्तर आधुनिक वैद्यकशास्त्राला विसाव्या शतकाच्या मध्यावर एका अनपेक्षित ठिकाणी मिळू लागले. ते ठिकाण म्हणजे लंडनची दुमजली बस.

चालक आणि वाहक

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराचे वाढते प्रमाण हा चिंतेचा विषय झाला होता. डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतील सुमारे ३१ हजार पुरुष कर्मचाऱ्यांच्या आजारांच्या नोंदी तपासल्या. चालक आणि वाहक एकाच गाडीवर काम करीत आणि त्यांचे राहणीमानही बरेचसे सारखे असे. मात्र चालक कामाचा बहुतेक वेळ बसून काढी, तर वाहक तिकिटे देताना दिवसाकाठी ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे. १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. ज्यांना तो झाला, त्यांनाही तो अधिक उतारवयात आणि तुलनेने सौम्य स्वरूपात झाला.

चालक मुळातच स्थूल असतील आणि म्हणून आजारी पडत असतील, अशी शंका साहजिकच उपस्थित झाली. तेव्हा मॉरिस यांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशांच्या मापांचा आधार घेतला. चालकांच्या कमरेचे माप खरोखरच मोठे होते. परंतु सारख्या बांध्याच्या चालक-वाहकांची तुलना केल्यावरही वाहकांना असलेला धोका कमीच भरला.

मुंबईच्या दुमजली बसमध्ये तिकिटाचा पंच वाजवीत जिना चढणारा कंडक्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या अभ्यासाचे मर्म सहज उमगेल. लंडनचा तो वाहक पहाटे उठून निर्धाराने व्यायाम करीत नव्हता. त्याच्या कामातच चालणे आणि चढणे गुंफलेले होते. शतपावलीचेही तसेच आहे. ती जेवणाला जोडलेली असल्यामुळे तिच्यासाठी वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

शरीरात काय घडते?

जेवणानंतर रक्तातील साखर वाढते. चालताना मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावतात आणि असे काम करणारे स्नायू ही साखर इन्सुलिनच्या मदतीवाचूनही काही प्रमाणात ओढून घेऊ शकतात. त्यामुळे जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्यास साखरेची चढती कमान काहीशी खाली येते. पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलागणिक पायांतील रक्त हृदयाकडे ढकलण्यास मदत करतात. नियमित चालण्याने रक्तदाब आटोक्यात राहण्यास साहाय्य होते, झोप सुधारते आणि मनावरचा ताणही हलका होतो.

किती चालावे?

‘रोज दहा हजार पावले’ हा आकडा आज सर्वतोमुखी आहे. त्याचा उगम मात्र प्रयोगशाळेतला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये ‘मॅनपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मापक’, या नावाचे उपकरण विक्रीस आले आणि तो आकडा रूढ झाला. २०१९ मध्ये अमेरिकेतील सुमारे १६,७०० वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ७२ वर्षे होते. दररोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४१ टक्के कमी आढळले. ७,५०० पावलांच्या पुढे हा लाभ जवळजवळ स्थिरावला. प्रकृती चांगली असलेली माणसे मुळातच अधिक चालतात, हे ध्यानात घेऊनही या अभ्यासातून दिलासा मिळतो. थोडके चालणेही व्यर्थ जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. ती सलगच हवी असे नाही. लहान लहान तुकड्यांची बेरीजही चालते. चालता चालता बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही मध्यम श्रमाची सोपी खूण. हृदयविकार, सांधेदुखी किंवा दीर्घकाळचा मधुमेह असणाऱ्यांनी वेग वाढविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सवय कशी रुजते?

नववर्षाचे संकल्प फार काळ टिकत नाहीत, हा सार्वत्रिक अनुभव आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांना रोजच्या एखाद्या ठरावीक प्रसंगाला नवी कृती जोडण्यास सांगितले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ती कृती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणासाठी हा काळ २५४ दिवसांपर्यंत जाईल असा अंदाज निघाला. एखादा दिवस खंड पडल्याने विशेष हानी झाली नाही. आवर्ती ठेवीचा एक हप्ता चुकला म्हणून खातेदार बचत सोडून देत नाही. चालण्याच्या बाबतीतही तेच धोरण असावे. भाजी आणायला पायी जाणे, एक थांबा आधी उतरणे, दुसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यानेच जाणे, अशा जोडण्या संकल्पापेक्षा अधिक काळ टिकतात.

घराचा आणि गावाचा वाटा

तथापि, हा प्रश्न केवळ वैयक्तिक निर्धाराचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांमध्ये ५७ टक्के होते. ‘घरकामातच व्यायाम होतो’ असे स्त्रियांना सर्रास सांगितले जाते. परंतु ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहणे म्हणजे मोकळ्या हवेत झपझप चालणे नव्हे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात असल्याचे दिसून आले. घरकामात भाग घेणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत हा आकडा ९७ मिनिटे होता. जेवणानंतर घरातील इतर मंडळी शतपावलीला निघतात, तेव्हा गृहिणी बहुधा मागची झाकपाक करीत असते. तिच्यापाशी इच्छा नसते असे नाही, सवड नसते.

घराबाहेर पाऊल टाकल्यावर चालण्यासाठी जागाही हवी. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची निर्वेध वाट असावी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काशी जोडला. पदपथावर स्वतःची दुचाकी उभी न करणे हा या कामातील प्रत्येक नागरिकाचा पहिला वाटा आहे.

पूर्वजांनी शंभर पावलांची मर्यादा सांगितली, ती कोणालाही जमावी अशी होती. आज रात्रीच्या जेवणानंतर ताटे-वाट्या सर्वांनी मिळून आवराव्यात आणि मग सर्वांनीच चपला पायांत सरकवाव्यात. शतपावली घरातील प्रत्येकाच्या वाट्याला येण्यासाठी एवढी सुरुवात पुरेशी आहे.