30 मिलिअँपिअरचा उपचार

घराच्या मीटरजवळ बसवलेली ईएलसीबी साधारण 30 मिलिअँपिअर वीज गळू लागली की खटकन पुरवठा तोडते. त्याहून जास्त वीज छातीतून वाहत राहिली, तर हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. आणि त्याच घरात गुडघेदुखीने बेजार झालेल्या आजी टेन्स या वेदना शमवण्यासाठी करंट देणाऱ्या मशिनचे पॅड गुडघ्याला चिकटवून निवांत पेपर वाचत बसलेल्या असतात. त्या मशिनचा करंटही बऱ्याचदा 20-30 मिलिअँपिअरच्या घरातलाच असतो. मग एकीकडे जिवाला धोका आणि दुसरीकडे उपचार, हे कसं?

फरक पडतो तो वीज किती वेळ वाहते आणि कुठून कुठे जाते यावर. घरातल्या विजेची सेकंदाला 50 आवर्तनं होतात. म्हणजे एकेका दिशेला ती 10 मिलिसेकंद वाहते. वायरला हात लागला की हातातून छाती ओलांडून पायाकडे जायची वाट तिला मोकळीच. टेन्सचा एक ठोका मात्र जेमतेम 100 मायक्रोसेकंदांचा असतो. सेकंदाला असे 100 ठोके दिले, तरी त्या सेकंदाच्या शंभराव्या हिस्स्यापुरतीच वीज वाहते. बाकीचा सगळा वेळ ती बंद. शिवाय तिची वाट मुख्यतः दोन पॅडच्या मधली. गुडघ्याच्या दोन बाजूंना पॅड असतील तर वीज गुडघ्याच्या आसपासच राहते. म्हणूनच एक पॅड छातीवर आणि दुसरा पाठीवर, असं कधीही लावायचं नसतं.

दुखणं कमी का होतं, याचं उत्तर 1965 साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलेल्या ‘गेट कंट्रोल’ सिद्धांतात सापडतं. स्पर्शाची जाणीव नेणारे मज्जातंतू जाड असतात, वेदना नेणारे बारीक. दोघांचे निरोप मज्जारज्जूत एकत्र येतात, आणि जाड तंतूंची वर्दळ वाढली की वेदनेची वाट अडते. ठेच लागल्यावर अंगठा चोळला की बरं वाटतं ते यामुळेच. जाड तंतू कमी करंटनेही जागे होतात. टेन्स नेमका त्याचा फायदा घेतं. वॉल यांनी विल्यम स्वीट या शल्यचिकित्सकासोबत हा प्रयोग आधी स्वतःच्या डोळ्याखालच्या नसेवर करून पाहिला, मग रुग्णांवर. त्यांचा शोधनिबंध 1967 साली प्रसिद्ध झाला.

मात्र या आरामाची मर्यादा रुग्णाला स्पष्ट सांगायला हवी. 2022 साली 381 चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. मशिन चालू असताना आणि त्यानंतर लगेच वेदना कमी होते, असं त्यात दिसलं. त्याच वर्षी ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने गुडघ्यासारख्या सांध्यांच्या झिजेसाठी टेन्स देऊ नका, व्यायामावर भर द्या, असं मार्गदर्शन केलं. या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतील, पण तशा त्या नाहीत. झिजलेला गुडघा मशिनने बदलत नाही. दुखणं जरा उतरलं की त्या वेळात मांडीचे व्यायाम करून घेणं, हाच मशिनचा खरा उपयोग. वीस मिनिटं ‘करंट’ घेऊन व्यायाम न करताच घरी परतणारा रुग्ण उपचाराचा मोठा भाग मागेच सोडून जातो.

स्नायू हलवायचा असेल तर ठोके जास्त रुंद, साधारण 200 ते 400 मायक्रोसेकंदांचे लागतात. पक्षाघातानंतर अनेकांचं पाऊल वर उचललं जात नाही, चपलेचं टोक फरशीला घासतं, माणूस अडखळतो. 1961 साली अमेरिकेत व्लादिमिर लिबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर सुरेख तोड काढली. बुटाच्या टाचेत एक बटण बसवलं. टाच उचलली की गुडघ्याखालच्या नसेला करंट मिळायचा आणि पाऊल वर यायचं. टाच टेकली की करंट बंद. आजची या कामाची उपकरणं याच कल्पनेवर उभी आहेत. फक्त मशिनने हलवलेला स्नायू लवकर दमतो. मेंदू स्नायूतंतूंना आळीपाळीने कामाला लावतो, मशिन पुन्हापुन्हा त्याच तंतूंना जुंपतं. म्हणून दहा सेकंद काम आणि त्याच्या कितीतरी पट विश्रांती, असा हिशेब ठेवतात.

हे सगळं होतं ते नस शाबूत असेल तर. नसच तुटली असेल, तर स्नायूला थेट चेतवण्यासाठी 100 मिलिसेकंदांएवढे लांब ठोके लागू शकतात, तिथे टेन्स कुचकामी. 1952 च्या पोलिओच्या साथीनंतर मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1953 साली देशातलं पहिलं फिजिओथेरपी विद्यालय सुरू झालं. पोलिओ स्नायूंच्या चेतापेशीच मारतो, त्यामुळे असे स्नायू या क्षेत्राला सुरुवातीपासूनच ओळखीचे. चेहऱ्याचा लकवा झाला की आपल्याकडे सर्रास करंट देतात. पण बहुतेकांची ती नस मुळात आपोआपच सावरते, आणि करंटने ती लवकर सावरते याचा भक्कम पुरावा नाही.

अपघात होतात ते बहुतेक पॅडखाली. पाच बाय पाच सेंटिमीटरचा पॅड कोरडा पडून अर्धा सुटला की तेवढाच करंट अर्ध्या जागेतून जातो आणि तिथली तीव्रता दुप्पट होते. आधी टोचतं, मग चटका बसतो. मधुमेहाने पायाची जाणीव गेलेल्या माणसाला ते टोचणं कळतच नाही, म्हणून बधिर कातडीवर पॅड लावू नये. एकाच दिशेने वाहणारा गॅल्व्हॅनिक करंट तर धन पॅडखाली आम्ल आणि ऋण पॅडखाली अल्कली तयार करून कातडी पोळवतो. टेन्सचे ठोके दोन्ही दिशांनी फिरतात ते हे टाळायलाच.

काही माणसांच्या आणि काही जागांच्या बाबतीत मात्र प्रयोग नकोच. पेसमेकर किंवा तत्सम यंत्र बसवलेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय मशिनला हात लावू नये. गळ्याच्या पुढच्या भागावर पॅड लावला तर रक्तदाब अचानक घसरू शकतो किंवा स्वरयंत्र आवळू शकतं. गरोदरपणी पोट आणि ओटीपोट, कर्करोगाची गाठ, रक्ताची गुठळी झालेला पाय, डोळे, जखम या जागा वर्ज्य. अपस्मार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. गाडी चालवताना, अंघोळ करताना किंवा झोपेत मशिन चालू नसावं.

करंट देऊन पोट आपोआप सपाट करण्याचा दावा करणाऱ्या पट्ट्यांवरही विश्वास ठेवू नये. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2002 साली अशा तीन पट्ट्यांच्या विक्रेत्यांवर खोट्या दाव्यांसाठी कारवाई केली, तरी तशाच जाहिराती अजून दिसतात.

घरी मशिन आणलंच तर पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून पॅडच्या जागा पेनने आखून घ्याव्यात. कातडी धुऊन कोरडी करावी, तेल-बाम काही नको. पॅड लावताना आणि काढताना मशिन बंदच असावं. करंट शून्यापासून हळूहळू वाढवून जोरदार पण सुखद मुंग्या आल्या की तिथेच थांबावं. पॅड काढल्यावर कातडी किंचित गुलाबी दिसते आणि थोड्या वेळात पूर्ववत होते. लाली टिकली, आग होत राहिली किंवा फोड आला, तर मशिन बाजूला ठेवून ती जागा डॉक्टरांना दाखवावी.