प्रश्न एक, उत्तर भलतेच

संध्याकाळी मुंबईहून सुटलेल्या कल्याण गाडीत उभा असलेला मनुष्य बसलेल्या मनुष्यास एकच शब्द विचारतो, "कुठे?" बसलेला म्हणतो, "ठाणा." पुढे कोणी काही बोलत नाही. परंतु ठाणे येताच ती जागा विचारणाऱ्याची होते आणि डब्यातील कोणीही त्यास हरकत घेत नाही. ह्या संभाषणात जागेचा साधा उल्लेखही झालेला नसतो. मग जागा ठरली कशी? आपण डोंबिवलीकर, कल्याणकर ज्या विद्येवर रोज प्रवास करतो, तिचे कोणी शास्त्र मांडले आहे, हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले.

ते मांडणारा पॉल ग्राइस हा इंग्रज तत्त्वज्ञ. १९६७ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात त्याने जी व्याख्याने दिली, त्यांतील संभाषणाविषयीचे व्याख्यान १९७५ मध्ये छापून आले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, दोन माणसे बोलू लागली म्हणजे त्यांच्यात एक न लिहिलेला करार होतो. (करार हा शब्द ऐकला की आमच्यासारख्याचे कान टवकारतात!) त्याची कलमे चार. जरूर तेवढेच सांगावे, कमी नाही नि जास्तही नाही. खरे वाटते आणि ज्याला आधार आहे तेच सांगावे. विषयाला धरून बोलावे. आणि स्पष्ट बोलावे. खरी गंमत ह्यापुढे आहे. एखादे कलम कोणी उघडपणे, ऐकणाऱ्यास दिसेल असे मोडले, तर ऐकणारा करार मोडला असे धरीत नाही. हा असे का बोलला, असा विचार करून तो न बोललेला अर्थ शोधून काढतो. कलम चोरून मोडले, तर मात्र ती फसवणूक होते.

चित्रपटातील संवाद ह्या दोन्ही प्रकारांवर उभे असतात. प्रत्येक पात्र विचारले तेवढेच आणि खरे तेच सांगू लागले, तर चित्रपट पहिल्या दहा मिनिटांत आटोपेल. १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’ घ्या. घरमालक आपल्या सत्तर रुपयांची चौकशी करतो, तेव्हा अशोक सराफांचा धनंजय माने त्या रुपयांच्या निधनाची वार्ता देतो. रुपयांना मरण येत नाही हे दोघांसही ठाऊक आहे. पैसे विसरा, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो शब्दांत कोठेच नाही. त्याच चित्रपटात भाड्याच्या खोलीसाठी दोन पुरुष लुगडे नेसून बायका बनतात, ते मात्र चोरून मोडलेले कलम. आम्ही प्रेक्षक त्या चोरीत सामील असतो म्हणून हसतो. बिऱ्हाडासाठी वणवण केलेल्यास त्या हसण्यात थोडी जळजळही जाणवते.

तिसराही एक प्रकार आहे, आणि तो आम्ही चित्रपटगृहात नव्हे, तर वाटाघाटीच्या टेबलावर शिकलो. ठाण्यातील एका कारखान्याविषयी अफवा होती, म्हणून आम्ही व्यवस्थापकांस सरळ विचारले, "कारखाना बंद होणार काय?" ते म्हणाले, "अहो, ह्या महिन्याची ऑर्डर तर पूर्ण भरलेली आहे. चहा घ्या." आम्ही चहा घेतला आणि गेटवर येऊन कामगारांस सांगितले की काळजी नको. त्या महिन्याचे काम खरोखरच भरलेले होते. पुढल्या महिन्यात गेटला कुलूप लागले. त्या गृहस्थांचा एक शब्दही खोटा नव्हता. त्यांनी जरुरीपेक्षा कमी सांगितले आणि उरलेले आम्ही आमच्या आशेने भरून काढले. गेटवर आमचा शब्द मानून घरी गेलेली माणसे आजही भेटतात.

म्हणूनच ‘सामना’ हा चित्रपट आम्हांस निराळ्या तऱ्हेने दिसतो. लेखन विजय तेंडुलकरांचे, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, आणि १९७५ मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेला. साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील, म्हणजे निळू फुले, आणि गावात भरकटत आलेला दारुडा मास्तर, म्हणजे श्रीराम लागू. मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले, हे मास्तरास हवे आहे. हिंदुराव बोलण्यात कमी नाहीत, आदरातिथ्यातही नाहीत. फक्त विचारले त्याचे उत्तर तेवढे येत नाही. बड्या माणसाने विषय बदलला की ऐकणाऱ्याने निमूटपणे बदललेल्या विषयावर जायचे, ही आपल्याकडची रीत. मास्तर जात नाही. एकदा विचारलेले पुन्हा विचारू नये, हा शिष्टाचार तो उघडपणे मोडतो. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आला म्हणजे तो प्रश्न राहत नाही, आरोप होतो. आणि तरीही वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्हच असते. करार मोडण्याची चैन बहुधा हिंदुरावांनाच परवडते. मास्तराजवळ गमावण्यासारखे काही उरलेले नाही, म्हणून त्यालाही ती परवडली.

आम्हीही आता तोच प्रश्न तीनदा विचारतो आणि आलेले उत्तर बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घेतो. पण लिहून घेणे हीदेखील सरळ गोष्ट नव्हे. चैतन्य ताम्हाणे ह्यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) ह्या चित्रपटात साक्षीदार एक सांगतो आणि न्यायाधीश त्याचा स्वतःच्या शब्दांत सारांश करून टंकलेखकास सांगतात. दप्तरी राहतो तो सारांश. सरकारी वकीलबाई कायद्याची लांबलचक कलमे एका सुरात वाचतात. एका पक्षकार बाईच्या पोलक्यास बाह्या नाहीत, म्हणून न्यायाधीश तिचे प्रकरणच पुढे ढकलतात. जरुरीपेक्षा जास्त, विषयाला सोडून, अस्पष्ट, असे सगळे त्या खोलीत चालते, कारण ते अधिकाराच्या खुर्चीतून येते.

खटला असा की, एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. त्या कामगाराची विधवा साक्षीस येते. विचारले तेवढेच सांगते. नवरा दारू पीत असे, कारण आत घाण सोसत नसे. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता. आत हवा आहे की नाही, हे तो झुरळे दिसतात का ते पाहून ठरवी. त्या कोर्टात चारही कलमे पाळणारी आम्हांस ती एकटीच दिसली, आणि आत्महत्येची गोष्ट तिच्याच बोलण्याने कोसळते. पुढे बचावाचे वकील तिला आपल्या मोटारीतून सोडतात आणि पैसे देऊ करतात. ती पैसे नको म्हणते, आणि काही काम असेल तर द्या, एवढेच सांगते.