शस्त्र आणि परवाना (भाग 6) : खिशातले पिस्तूल किती कामाचे?

मागच्या भागात आपण पीक संरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुकांची माहिती घेतली. गारगोटीच्या पंचक्रोशीत परवाना म्हटले की डोळ्यांसमोर येते ती लांब नळीची बंदूक आणि उसात शिरलेली रानडुकरे. पण रोकड घेऊन फिरणारा व्यापारी किंवा ठेकेदार चौकशी करतो ती खिशात मावेल अशा हत्याराची. म्हणून हा भाग त्याच्यासाठी.

आयुध निर्माणीची दोन छोटी रिव्हॉल्व्हर सर्वांना ठाऊक आहेत. 2014 साली कानपूरहून आलेले ‘निर्भीक’ .32 बोअरचे, सहा गोळ्यांचे, वजनाला सुमारे 500 ग्रॅम. पुढे आलेले ‘निडर’ .22 बोअरचे आणि जेमतेम 250 ग्रॅमचे. घेणारा आधी वजन बघतो आणि हलके ते चांगले असे धरून चालतो. माझ्या मते हिशेब इथेच चुकतो.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकले. त्या प्रकारात .22 चेच पिस्तूल चालते आणि त्याच्या वजनाची मर्यादा 1400 ग्रॅम आहे. खेळाडू जड पिस्तूल का पसंत करतात? जड पिस्तूल हातात स्थिर राहते, धक्का स्वतः पचवते आणि त्याची मूठ तळहातात पूर्ण बसते. खिशातल्या हत्याराच्या मुठीवर दोनच बोटे बसतात, करंगळी हवेत राहते. काडतूस तेच असले तरी हत्यार जेवढे हलके, तेवढा मनगटाला हिसका जास्त.

नेमाचे गणित तर याहून कठोर आहे. पुढची आणि मागची माशी यांत 10 सेंटिमीटरचे अंतर असेल आणि नेम धरताना 1 मिलिमीटरची चूक झाली, तर 10 मीटरवर गोळी 10 सेंटिमीटर बाजूला जाते. हेच अंतर 60 सेंटिमीटर असलेल्या रायफलीत तेवढ्याच चुकीने गोळी दोन सेंटिमीटरही ढळत नाही. घाबरलेल्या माणसाचा हात एका मिलिमीटरवर थांबत नाही, आणि चुकलेली गोळी रस्त्यावरच्या कुणाला तरी लागू शकते.

पिस्तूल घ्यावे की रिव्हॉल्व्हर, हाही प्रश्न येतो. नवख्याने रिव्हॉल्व्हर घ्यावे. त्याचा चाप जड असतो आणि चक्री उघडली की किती गोळ्या आहेत ते डोळ्यांना दिसते. पिस्तुलाचे मॅगझिन काढले तरी एक गोळी चेंबरमध्ये राहिलेली असू शकते. ‘रिकामेच आहे’ म्हणत चाप ओढल्याने घरातली माणसे गेली आहेत. शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात घामाने आणि दमटपणाने लोखंड लवकर गंजते. खिशातला कचरा यंत्रणेत शिरतो तो वेगळाच.

कायद्याने तर मोकळ्या खिशाचा विषयच मिटवला आहे. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात हवे. ते मिरवणे गुन्हा आहे. वरातीत बेदरकारपणे बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर 2019 च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणूक लागली आणि आदेश आला की हत्यार भुदरगड पोलीस ठाण्यात जमा करायचे. म्हणजे ज्याच्या भरवशावर रोकड फिरवायची, ते त्या दिवसांत जवळ नसणार.

रोकड कमी बाळगणे, ठरलेली वेळ आणि रस्ता बदलत राहणे, सोबत माणूस ठेवणे, हे उपाय मला या हत्यारापेक्षा भरवशाचे वाटतात. तरीही परवाना हवाच असेल, तर हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र नुसते कागदापुरते उरकू नका. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली लहान नळीच्या हत्याराने 10 मीटरवर पाच गोळ्या झाडून पाहा. त्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या नाहीत, तर अर्ज करू नका.