सनद आणि वहिवाट

निजामाची अमदानी पाहिलेल्या माणसांच्या बोलण्यात, निदान आमच्या जालन्यात, जमिनीचा विषय निघाला की दोन शब्द नेहमी वेगवेगळे उच्चारले जात: एक सनद आणि दुसरा वहिवाट. सनद सरकारातून मिळे आणि सरकारच्या मर्जीने परतही जाई. १९४९ साली हैदराबाद संस्थानातल्या जहागिरी खालसा झाल्या, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या रुमालात बांधून ठेवलेले कागद एका हुकुमासरशी रद्दीच्या मोलाचे झालेले ज्यांनी पाहिले, अशी माणसे माझ्या लहानपणी गावात पुष्कळ होती. वहिवाटीची गोष्ट निराळी. कोणी एक माणूस बांधावरून चालत जातो, त्याला कोणी अडवतो, तंटा कचेरीपर्यंत जातो, निकाल लागतो. आणि पुढे तो चालणारा गेला, त्याचे शेतही दुसऱ्याच्या नावावर चढले, तरी ती वाट राहते, आणि तिच्यावरून बैलगाडी हाकणाऱ्याला ती प्रथम कोणाच्या पायांनी पडली ह्याची वार्ताही नसते. बुद्धिबळातील अजिंक्यपदांचा, विशेषतः गमावलेल्या अजिंक्यपदांचा, विचार करू लागलो की मला हे दोन शब्द आठवतात, आणि त्यांच्या पाठोपाठ रोहिणी खाडिलकर हे नाव आठवते.

ह्या खेळाची आमच्याकडची जुनी रीत आता सांगावी लागते, इतकी ती नाहीशी झाली आहे. कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवर, जालन्यात काय आणि कादराबादेत काय, ओट्यावर जो पट मांडला जाई तो देशी पद्धतीचा. प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर सरकणार, राजाला किल्लेकोट नाही पण आयुष्यात एकदा घोड्याची उडी घेण्याची मुभा, प्रतिपक्षाचा राजा एकटाच उरला तर बुर्जी म्हणजे अर्धाच विजय, आणि प्याद्याने मात केली तर तिची कीर्ती आठवडेबाजारापर्यंत. पटावरची हत्ती, घोडे आणि पायदळ ही चतुरंग सेना खरोखरीची एकमेकींवर तुटून पडलेली आमच्याच जिल्ह्यातल्या आसईच्या रानाने २३ सप्टेंबर १८०३ रोजी पाहिली आहे, आणि त्या दिवशी शिंद्यांचा डाव कसा उधळला ह्याची चर्चा ओट्यावरचे खेळाडू दोन खेळींच्या मध्ये मोठ्या अधिकारवाणीने करीत, जणू वेलस्लीसमोर तेच बसले होते! त्या ओट्यावर बाईमाणूस मात्र मी कधी पाहिले नाही. घरात सोंगट्या चालत, सागरगोटे चालत. पण पट, वजीर आणि शह ही पुरुषांची मिरास होती. ह्या मिराशीला कोणी हुकूम काढून दिलेला नव्हता, म्हणूनच ती मोडणेही कठीण होते.

स्त्रियांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा आपल्या देशात प्रथम भरली ती १९७४ साली, बंगळूरला, आणि ती वासंती खाडिलकर ह्यांनी जिंकली. त्यानंतरचे दशकभर हे अजिंक्यपद एका घराच्या उंबरठ्याबाहेर गेलेच नाही. वासंती, जयश्री आणि रोहिणी ह्या तिघी बहिणी, वडील नीळकंठ खाडिलकर, ‘नवाकाळ’चे संपादक, आणि तो ‘नवाकाळ’ १९२३ साली काढणारे पणजोबा म्हणजे लोकमान्यांचे सहकारी आणि ‘कीचकवधा’चे कर्ते कृष्णाजी प्रभाकर. ज्या घरात अग्रलेख हा नित्याचा स्वयंपाक होता त्या घरात प्रतिपक्षाची पुढची चाल ओळखण्याची विद्या मुलींना उपजत लाभली असेल, असे विनोदाने म्हणता येईल. पण त्या पुस्तकातून आणि पटावरूनच तयार झाल्या, हे विसरून चालणार नाही. जयश्री ह्यांनी चार वेळा हे पद जिंकले, आणि १९७९ साली आंतरराष्ट्रीय महिला मास्टर हा किताब मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. धाकट्या रोहिणीने नोव्हेंबर १९७६ मध्ये कोट्टायमला, वयाच्या तेराव्या वर्षी, प्रथम विजेतेपद मिळविले, पुढच्या वर्षी हैदराबादला ते राखले, आणि एकूण पाच वेळा ते आपल्या नावावर केले.

परंतु ही झाली सनद. वहिवाटीचा तंटा त्याच १९७६ सालातला.

त्या वर्षी ही तेरा वर्षांची मुलगी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली. आणीबाणीचे दिवस होते. वर्तमानपत्रांना लिहिण्यासारखे पुष्कळ होते आणि छापण्यासारखे थोडे, त्यामुळे एका मुलीने पुरुषांच्या पटावर बसावे की नाही हा प्रश्न एरवीपेक्षा अधिक रुंद रकाना अडवून बसला. आक्षेप घेणाऱ्यांनी आक्षेप घेतला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि तिच्या बाजूने निकाल लागला. मला ह्या हकिकतीतले अधिक महत्त्वाचे वाटते ते असे, की ह्या स्पर्धेत तिने कोणाच्या सौजन्यावर दिवस काढले नाहीत: गुजरातचे गौरांग मेहता, महाराष्ट्राचे अब्दुल जब्बार आणि पश्चिम बंगालचे ए. के. घोष ह्या तीन राज्यविजेत्यांना तिने पटावर हरविले. न्यायालय फार तर खुर्ची मिळवून देते. समोरच्या राजाला घेरण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.

ह्या तंट्याचा शेवटचा निवाडा मात्र देशाबाहेरून आला. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूवे ह्यांनी असा निर्णय दिला, की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धांतून स्त्रियांना स्त्री म्हणून वगळता येणार नाही. हा निर्णय देणारा मनुष्य कोण होता, इकडे लक्ष वेधावेसे वाटते. कारण गमावलेल्या पदाची गोष्ट सांगताना त्यांच्याहून समर्पक दाखला मला आठवत नाही.

यूवे हे हॉलंडचे. पेशाने गणिताचे शिक्षक, आणि तेही आम्स्टरडॅममधल्या मुलींच्या एका शाळेत. १९३५ साली ह्या मास्तरांनी अलेक्झांडर अलेखिन ह्या प्रचंड प्रतिभेच्या जगज्जेत्याला तीस डावांच्या सामन्यात साडेपंधरा विरुद्ध साडेचौदा अशा अवघ्या एका गुणाच्या फरकाने हरविले. अलेखिन मद्याच्या अमलाखाली खेळला म्हणून हरला, अशी लोकवार्ता तेव्हापासून चालत आली आहे. हरलेल्या मोठ्या माणसाला अशा लोकवार्ता लवकर सापडतात. हाच अलेखिन १९२७ मध्ये कापाब्लांकाकडून पद घेतल्यावर पुन्हा कधी त्याच्यासमोर सामन्याला बसला नव्हता. यूवे ह्यांनी मात्र परतीचा सामना कसलीही खळखळ न करता दिला आणि १९३७ साली तो साडेपंधरा विरुद्ध साडेनऊ असा सपशेल गमावला. दोन वर्षांची जहागीर खालसा झाली. पुढे १९४८ मध्ये जगज्जेतेपदासाठी पाच जणांची स्पर्धा भरली, तीत ते शेवटचे आले. पटावर अलेखिन त्यांच्याहून श्रेष्ठ होता ह्याविषयी मला संदेह नाही, आणि तो कधी यूवे ह्यांनाही असेल असे वाटत नाही. पण अलेखिन १९४६ साली मेला तो जगज्जेता म्हणूनच, पद मुठीत घट्ट धरून. आणि पद गमावलेला हा शिक्षक १९७० ते १९७८ अशी आठ वर्षे महासंघाच्या दप्तरात बसून, मुंबईच्या एका मुलीला कोणत्या टेबलावर बसता येईल ह्याचा निकाल देत राहिला. जगज्जेत्यांच्या यादीत त्यांचे नाव दोन वर्षांपुरते आहे.

आता रोहिणीच्या पदाकडे पुन्हा वळतो. १९७९ पर्यंत लागोपाठ तीनदा जिंकलेले पद मध्यंतरी बहिणीकडे गेले, १९८१च्या डिसेंबरात दिल्लीत परत आले, १९८३ मध्ये पाचव्यांदा मिळाले. घरातल्या घरात पद फिरत होते तोवर त्याला गमावणे म्हणावे की वाटणी, हा प्रश्नच होता. खरे गमावणे झाले १९८५ साली, जेव्हा भाग्यश्री साठे ह्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळविले आणि खाडिलकरांच्या घराबाहेर ते प्रथमच गेले. गेले कोठे, हे पाहण्यासारखे आहे. गिरगावातल्या ह्या घराचे मूळ पुरुष, पणजोबा कृष्णाजीपंत, हे जन्माने सांगलीचे. आणि भाग्यश्रीबाईंचा खेळ घडला तो त्याच सांगलीत, जेथे भाऊसाहेब पडसलगीकर ह्यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या आश्रयाने मुलामुलींना हा खेळ शिकविण्यात आपले आयुष्य वेचले. दशकभराची मालकी गेली ती पणतवंडांकडून पणजोबांच्या गावी! पुढे अनुपमा अभ्यंकर आल्या, स्वाती घाटे आल्या, आणि कोण्या एका घराण्याचे नाव घेऊन स्त्रियांच्या बुद्धिबळाची कथा संपविता येण्याचे दिवस संपले. माझ्या मते रोहिणीबाईंच्या कीर्तीला ह्या पराभवाने उणेपणा आला नाही. उलट, जो खेळ एका घरात होता तो गावोगाव गेल्याचा पहिला पुरावा त्यांच्या घराण्याच्या ह्या पराभवात आहे. त्या घराण्याला हा पुरावा १९८५ साली गोड वाटला असेल, असे मात्र मी म्हणणार नाही.

पद गमावणाऱ्यांचेही प्रकार असतात. भाग्यश्रीबाईंचे यजमान प्रवीण ठिपसे ह्यांनी पुरुषांचे राष्ट्रीय अजिंक्यपद १९८२, १९८४ आणि १९८५ साली जिंकले. १९८६ मध्ये विश्वनाथन आनंद नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मद्राशी मुलाने ते नेले आणि तीन वर्षे ठेवले. ठिपसे थांबले नाहीत. १९८९ मध्ये ते परत मिळविले, आणि पुढे आणखी तीनदा, मिळून सात वेळा. ह्याच्या उलट रामचंद्र सप्रे. १९५५ साली एलुरूला भरलेल्या पहिल्याच राष्ट्रीय स्पर्धेत वेंकय्या ह्यांच्यासह संयुक्त विजेता ठरलेला हा मराठी मनुष्य आज किती मराठी माणसांना ठाऊक आहे? आमच्या ओट्यावर तर त्यांचे नाव कधी कानी पडले नाही. आसईची लढाई मात्र रोज होई.

रोहिणीबाईंनी पुढे पट आवरला आणि घरच्या व्यवसायात शिरल्या. १९९८ साली ‘संध्याकाळ’ ह्या सायंदैनिकाच्या त्या संपादक झाल्या. इकडे ती वाट रुळत गेली. २०२५च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला स्त्रियांचा विश्वचषक जिंकला आणि त्या विजयाबरोबर ग्रँडमास्टर हा किताब मिळविला, जो पुरुषांना देतात तोच, ‘महिला’ हे उपपद नसलेला. आमच्या तालुक्याच्या गावी आता शाळांच्या स्पर्धा होतात, त्यांत दहा वर्षांची मुलगी बारा वर्षांच्या मुलासमोर निर्धास्त बसते आणि तिच्या बसण्याबद्दल कोणी अर्ज, हरकत वा खुलासा मागत नाही. तिला रोहिणी खाडिलकर हे नाव विचारून पाहण्याचा मोह मला एकदा झाला होता. तिची पाळी होती आणि घड्याळ चालू होते, म्हणून विचारले नाही.

माझ्या स्वतःच्या आठवणीत ह्या साऱ्याची गाठ १९८१ ह्या सालाशी पडली आहे. त्या वर्षाच्या १ मे रोजी औरंगाबादेतून निघून जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोवर आमच्या वडीलधाऱ्यांची खरी राजधानी हैदराबादच होती, मीटरगेजवरच्या गाडीत रात्री बसले की सकाळी काचीगुडा. त्याच हैदराबादेत त्या वर्षी नोव्हेंबरात आशियाई महिला अजिंक्यपदाची स्पर्धा झाली आणि एकही डाव न हरता रोहिणी खाडिलकरने ती जिंकली. आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेस आम्स्टरडॅममध्ये यूवेमास्तर वारले.